कच्ची थाळी आणि भाजलेला परळ : सिडनीतले नऊ दिवस

पहिला दिवस : पॅरामाटा, फेअरफिल्ड, लिव्हरपूल

सिडनीला येणारा मराठी माणूस बहुधा पॅरामाटा, वेस्टमीड किंवा वेंटवर्थव्हिलला कुणा नातेवाइकाकडे उतरतो. एका इराकी सिरॅमिक कलाकाराच्या स्टुडिओत मातीकाम बघण्यासाठीच्या या प्रवासाला ते सोयीचंच पडतं. पॅरामाट्याहून टी-५ ची गाडी फेअरफिल्डमार्गे थेट लिव्हरपूलला जाते. गाड्या साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने आहेत, त्यामुळे एक चुकली की फलाटावर बसणं आलं. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. बँकेचं कार्ड आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरलं की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

मध्ये फेअरफिल्डला उतरून समून घ्यावा. हा इराकी पाव होडीच्या आकाराचा असतो, दोन्ही टोकं निमुळती आणि पोट फुगीर. भट्टीतून निघाल्यावर तासाभरात खाल्ला तर मजा, संध्याकाळपर्यंत तो वादीसारखा चिवट होतो.

लिव्हरपूल आणि आसपासच्या उपनगरांत इराक-इराणमधून आलेल्या मँडियन लोकांची मोठी वस्ती आहे. लिव्हरपूलला आणि वॉलेशियाला त्यांची मंदी, म्हणजे प्रार्थनास्थळं आहेत. मूळ गावं दक्षिण इराकमधली अमारा, कलअत सालेह, सूक अश-शुयूख, नासिरिया, बसरा आणि इराणमधलं कारून नदीवरचं अहवाझ. इराकमध्ये त्यांना ‘सुब्बी’ म्हणतात. याह्या, म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, हा त्यांचा सर्वांत मानाचा प्रेषित. ‘गिंझा रब्बा’ हा ग्रंथ. भाषा मँडाईक, अरामी कुळातली, लिपी स्वतंत्र. बाहेरच्या माणसाला या धर्मात घेत नाहीत. पारशांचं उदाहरण डोळ्यांसमोर असल्याने मराठी वाचकाला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. २००३ नंतर इराकमधून बहुतेक कुटुंबं बाहेर पडली. तिथे आता काही हजारच माणसं उरली आहेत.

ज्यांच्या स्टुडिओत पुढचे दिवस जायचे आहेत त्या कलाकार अमाऱ्याच्या. शिक्षण बगदादला, मग काही वर्षं जॉर्डनमध्ये आणि तिथून सिडनी. समाज लहान असल्याने नाव इथे देत नाही. हाताखालची मुलं त्यांना ‘खाला’ (मावशी) म्हणतात, तेच इथेही चालेल.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. कुंभारकाम हा मँडियनांचा पिढीजात धंदा नाही. त्यांचे धंदे म्हणजे चांदीकाम, होड्या बांधणं, लोहारकाम. खालांकडे मातीची विद्या आली ती बगदादच्या ललितकला संस्थेतून. तिथला सिरॅमिक विभाग १९५४ ते १९५७ या काळात इयान ऑल्ड या इंग्रज कुंभाराने उभा केला. १९५७ पासून सायप्रसचे व्हॅलेंटिनोस खारालाम्बूस तिथे शिकवू लागले, आणि इराकमधल्या आधुनिक सिरॅमिककारांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यामुळे स्टुडिओत चाक, भट्टी, ग्लेझ हे सगळं आधुनिक दिसतं. वारसा शोधायचा तो आकारांत, अक्षरांत, आणि कोणती वस्तू भाजायची व कोणती भाजायचीच नाही या निवडीत.

दुसरा दिवस : माती

पहिला प्रश्न सगळेच विचारतात : टायग्रिसची माती वापरता का? नाही. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय माती आणता येत नाही. बुटाच्या तळव्याला चिखल लागलेला असला तरी विमानतळावर बूट धुऊन घेतात. म्हणून तिकडच्या मातीचा रंग इकडच्या मातीतून काढावा लागतो.

स्टुडिओत घडवायचे ते परळ, म्हणजे मातीचे पसरट वाडगे, मेसोपोटेमियातल्या मंत्रांच्या वाडग्यांवर बेतलेले आहेत. साधारण इसवी सनाच्या पाचव्या ते आठव्या शतकातल्या या साध्या, बिनझिलईच्या वाडग्यांच्या आतल्या बाजूला शाईने गोल गोल फिरत जाणारा मजकूर लिहिलेला असतो. घराचं भूतबाधेपासून रक्षण व्हावं म्हणून ते उंबऱ्याखाली किंवा खोलीच्या कोपऱ्यात पालथे पुरत. आपण उंबऱ्यावर लिंबू-मिरची टांगतो, तसंच हे उंबऱ्याखालचं. यातले बरेच ज्यूंच्या अरामीत आहेत, काही सिरियाक लिपीत आणि बरेचसे मँडाईकमध्ये. खुआबीर इथल्या मँडाईक वाडग्यांचं वाचन आंरी पोन्यों यांनी १८९८ मध्ये छापलं. निप्पूरच्या उत्खननातले वाडगे जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केले.

या वाडग्यांचा रंग फिका, बिस्किटासारखा असतो. तिथल्या गाळात चुना भरपूर. भट्टी ९०० अंशांच्या वर गेली की चुना मातीतल्या लोहाला स्वतःत ओढून घेतो आणि तांबडेपणा जातो. सिडनीच्या पश्चिमेला याच्या उलट स्थिती आहे. तिथल्या वियानामाटा शेलवर वीटभट्ट्या चालत आल्या आणि ती माती भाजून लालभडक होते. स्टुडिओत वापरलं जाणारं मिश्रण कोरड्या वजनाने असं :

तांबडी टेराकोटा माती ५ किलो, पांढरी बॉल क्ले अडीच किलो, खडूची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट) २ किलो, बारीक वाळू अर्धा किलो. एकूण १० किलो, त्याला पाणी सहा ते सात लिटर.

क्रम चुकवून चालत नाही. आधी पाण्यात खडू कालवायचा, ८० नंबरच्या चाळणीतून गाळायचा, मग त्यात बॉल क्ले, नंतर तांबडी माती, वाळू शेवटी. खडू कोरडाच मातीत मळला तर बाजरीच्या दाण्याएवढ्या गुठळ्या राहतात. भाजताना त्या गुठळीचा कळीचा चुना होतो. वाडगा भट्टीतून बाहेर आला की अगदी निर्दोष दिसतो. मग आठवड्याने, पंधरा दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन चुना फुगतो आणि पृष्ठभागावरून नखाएवढी टवकळी उडते. खाली पांढरा ठिपका. कपाटात ठेवलेला परळ रात्री ‘टक्’ करून फुटतो, तो यामुळेच. असा परळ दुरुस्त होत नाही.

कोरडी भुकटी हाताळताना पी-२ मास्क लावावा, आणि टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावं. सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात मात्र जाऊन बसते. मिश्रण रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी तीन सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टरच्या लाद्यांवर ओतायचं. हात लावल्यावर बोटाला चिकटत नाही, पण बोटाचा ठसा उमटतो, अशी झाली की उचलून मळायची. ताजी माती चाकावर आडमुठी असते, आठवडाभर पिशवीत बांधून ठेवली तर नरमते. म्हणून उद्याच्या कामाला खाला मागच्या महिन्यातला गोळा काढतात आणि आजचा घाणा पुढच्यांसाठी ठेवतात.

तिसरा दिवस : चाक आणि काळी रेघ

मूळ वाडगे साधारण १५ ते १८ सेंटिमीटर व्यासाचे. भाजून १६ चा परळ हवा असेल तर चाकावर १७.२ चा घडवावा लागतो, कारण ही माती सुमारे सात टक्के आटते. गोळा ७०० ग्रॅमचा. भिंत सहा मिलिमीटर, उंची साडेसहा सेंटिमीटर. तळ उघडल्यावर लाकडी पट्टीने मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, तीन-तीनदा दाबून घ्यायचा. हे टाळलं तर वाळताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी भेग पडते, आणि ती नेमकी जिथे लिखाणाची सुरुवात करायची तिथेच. आतला भाग एकसंध वक्र ठेवायचा. तळ आणि भिंत यांच्यात खाच राहिली की ओळ तिथे अडखळते.

दुपारी दुसरं काम, आणि मला विचाराल तर स्टुडिओतलं सर्वांत विचारपूर्वक केलेलं. अमाऱ्याच्या मँडियन सोनारांची खासियत म्हणजे चांदीवरचं मीनाकाम : चांदीत बारीक रेघा कोरायच्या, त्यांत चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण वितळवून भरायचं, मग घासून सपाट करायचं. चांदीवर काळ्या रेघांत खजुराची झाडं, नदीतल्या होड्या, टेसिफोनची कमान. झहरून या अमाऱ्याच्या सोनाराचं नाव या कामात सर्वांत गाजलेलं. पहिल्या महायुद्धात तिकडे गेलेले ब्रिटिश फौजेतले अधिकारी या मालाचे मोठे गिऱ्हाईक होते. अमारा ३ जून १९१५ रोजी ज्या फौजेने घेतलं ती सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या.

तीच पद्धत मातीत जशीच्या तशी उतरते. चामड्याइतक्या घट्ट झालेल्या थाळीवर दीड मिलिमीटर खोल रेघ कोरायची. त्याच मातीच्या पातळ कालवणात दहा टक्के काळा स्टेन (भट्टीत टिकणारा रंग) मिसळून ते रेघेत भरायचं. एकदा भरून भागत नाही. पाणी आटलं की रेघ खाली बसते, म्हणून तीनदा. मग पोलादी पातं जवळजवळ आडवं धरून वरचा थर खरवडायचा. इथे वेळ साधणं हेच सगळं कौशल्य आहे. माती जास्त ओली असेल तर काळं सगळीकडे फासलं जातं. जास्त वाळली असेल तर ओलं कालवण आटताना कडांपासून सुटतं आणि भाजल्यावर रेघ वाळल्या खपलीसारखी निघून येते. पातं ओढल्यावर माती साबणाच्या सालीसारखी वेटोळं होऊन निघाली तर वेळ बरोबर. भुगा पडला तर उशीर झालेला आहे.

नक्षीत होड्या आहेत, बोरू आहेत, खजूर आहेत. स्कंदोला नाही. स्कंदोला ही पुजाऱ्याची लोखंडी मुद्रा : सिंह, विंचू, गांधीलमाशी आणि भोवती वेटोळं घातलेला साप. नवजात बाळाची नाळ आणि कबर यांवर तिचा शिक्का मारतात. तसं चिन्ह ताटावर नको, असं खालांचं म्हणणं आहे.

परळ काठ आवळेपर्यंत उघडे, मग पालथे घालून फळीवर. मार्चमध्ये सिडनीची हवा दमट असते, तीन दिवस लागतात.

चौथा दिवस : नेपियन नदी

प्रवास मार्चच्या मध्यावर आखायचं कारण हा दिवस. मँडियन वर्ष तीस-तीस दिवसांचे बारा महिने अधिक पाच दिवस असं ३६५ दिवसांचं. लीप वर्ष नाही. म्हणून त्यांचे सण आपल्या कॅलेंडरात दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतात. ते पाच जादा दिवस म्हणजे परवानाया. या दिवसांत रोज मस्बुता, म्हणजे नदीतला स्नान-संस्कार चालतो. एरवी त्याचा वार रविवार.

पॅरामाट्याहून टी-१ ने पेनरिथ. टेंच रिझर्व्हचा नदीकाठ स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर आहे, टॅक्सी करावी. सकाळी आठच्या आत पोचावं. निघण्याआधी नदीची पातळी बघून घ्यावी. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी मार्चमध्येच नेपियनला पूर आले होते, आणि वॉरगम्बा धरण भरून वाहू लागलं की पाणी गढूळ व वेगाचं असतं. पाणी वाहतं हवं ही धर्माची अट. वाहत्या पाण्याला ‘यर्दना’ म्हणतात, मग नदी टायग्रिस असो की नेपियन.

काठावर द्रब्शा रोवलेला असतो : दोन काठ्यांची फुली, तिच्यावर पांढरं रेशमी वस्त्र आणि मर्टलच्या डहाळ्या. मर्टल म्हणजे आपल्या नर्सरीतली विलायती मेंदी. फुली दिसते म्हणून त्याला क्रूस म्हणू नये, त्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. पुजारी आणि लोक रस्ता नावाच्या पांढऱ्या सुती पोशाखात, कमरेला विणलेला लोकरी पट्टा. माणूस पाण्यात उतरून स्वतः तीन बुचकळ्या घेतो, मग पुजारी त्याला तीनदा बुडवतो, कपाळावरून तीनदा ओला हात फिरवतो, ओंजळीतून तीनदा पाणी पाजतो. डोक्यावर मर्टलचं कडं. उजवा हात हातात घेणं, त्याला कुश्ता म्हणतात. बाहेर आल्यावर तिळाच्या तेलाची बोटं कपाळाला, मग पिहता ही भाकरी आणि मंबुहा हे नदीचंच पाणी.

बघणाऱ्यासाठी नियम साधे आहेत आणि आपल्याकडचं सोवळं माहीत असेल तर सांगावेही लागणार नाहीत. रस्ता घातलेल्या पुजाऱ्याला शिवायचं नाही, पुजारी आणि पाणी यांच्या मधून जायचं नाही. मांडलेल्या सामानाला हात लावायचा नाही. फोटोसाठी आधी विचारायचं, आणि ओल्या कपड्यांतल्या बायकांचे फोटो विचारूनही काढायचे नाहीत.

मातीचं काम करणाऱ्याने इथे एका वस्तूवर नजर ठेवावी. पुजाऱ्यांच्या विधीत तरियाना नावाची मातीची गोल थाळी असते, विधीचं सामान मांडण्यासाठी. शेजारी धुपासाठी आणि विस्तवासाठी छोटी मातीची भांडी. ही थाळी उन्हात वाळवलेल्या कच्च्या मातीची असते. मेसोपोटेमियात हजारो वर्षं भट्ट्या पेटत होत्या, तरीही ही कच्चीच.

पाचवा दिवस : कसुला

परळ वाळताहेत, स्टुडिओत काम नाही. लिव्हरपूलच्या पुढचंच स्टेशन कसुला, आणि स्टेशनाला लागून कसुला पॉवरहाउस : १९९४ मध्ये जुन्या वीजकेंद्राचं कलाकेंद्र झालं. प्रवेश फुकट. पश्चिम सिडनीतल्या स्थलांतरित कलाकारांचं काम इथे वरचेवर असतं. वेळ उरला तर सिडनी विद्यापीठातलं चाऊ चाक विंग संग्रहालय बघावं. तेही फुकट, २०२० मध्ये उघडलेलं. तिथल्या निकल्सन संग्रहात मेसोपोटेमियातल्या वस्तू आहेत.

या विषयात गोडी लागली की इंटरनेटवर ‘अस्सल मंत्रवाडगा’ विकत घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. १९९० नंतर इराकमधून असे वाडगे कागदपत्रांशिवाय मोठ्या संख्येने बाहेर गेले. ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा नेलेल्या पुरावस्तूंच्या व्यवहारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे २००३ मध्ये, १४८३ क्रमांकाच्या ठरावाने बंदी घातली आहे.

सहावा दिवस : एक भट्टीत, एक उन्हात

पहाटे पाचला भट्टी सुरू. परळ वाळला की नाही हे गालाला लावून बघायचं. गार लागला तर आत पाणी आहे, ठेवून द्या. पाणी असताना भट्टी चढवली तर वाफ भिंत फोडते, आणि एक परळ फुटला की त्याचे तुकडे शेजारच्या चारांवर उडतात.

भट्टी विजेची. पहिल्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी १२० पर्यंत, तिथे झाकणाचं भोक उघडं ठेवून दोन तास. मग ताशी १०० ने ६०० पर्यंत. मध्ये ५७३ अंशांना वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, म्हणून घाई नको. मग ताशी १५० ने १०४० पर्यंत आणि तिथे वीस मिनिटं. एकूण पावणेबारा तास. हजाराच्या बरंच खाली थांबलं तर चुना मातीत पुरता मुरत नाही आणि परळ पुढे भुसभुशीत होतो. ११५० च्या पुढे गेलं तर चुनखडीची माती अचानक मऊ पडते आणि परळाचा पापड होतो. साधा टेराकोटा बसण्याआधी इशारा देतो, ही माती देत नाही. यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये, फळीवर भाजणीचा शंकू, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका, ठेवावाच.

दिवसभर भट्टी चालू असताना अंगणात कच्ची थाळी. विधीची थाळी हे पुजाऱ्यांचं काम, त्यात खाला हात घालत नाहीत. इथे होते ती फक्त रीत समजावी म्हणून, आणि ती कुठल्याही विधीला जात नाही. तीन किलो मातीला तीन मुठी पेंढा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा. ओली माती पायाने तुडवून पेंढा मिसळायचा, गोठ्याची भिंत लिंपायच्या गाऱ्यासारखी. फळीवर वर्तमानपत्र, त्यावर तीस सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड थाळी थापायची. काठ बोटाने थोडा वर उचलायचा. वर्तमानपत्र विसरलं तर माती फळीला धरून बसते, आटायला जागा मिळत नाही आणि आरपार तडकते. काठ मध्याच्या आधी वाळतो, म्हणून पहिले दोन दिवस त्यावर प्लास्टिकची पट्टी. लगेच कडक उन्हात ठेवू नये. आधी सावली, मग ऊन. पुरती वाळायला आठ-दहा दिवस. बघण्यासाठी मागची वाळलेली थाळी स्टुडिओत आहे : वर पेंढ्याच्या काड्या चमकतात, टिचकी मारली तर बद्द आवाज.

भाजली का जात नाही, हे खालांना विचारलं तर त्या दोन कारणं सांगतात. एक, पेंढा जळून थाळी पोकळ होईल. दुसरं, जुनी झाली की ती परत माती व्हायला हवी. पहिलं कारण कुंभाराचं आहे, दुसरं मँडियनाचं, आणि त्या दोन्ही एकाच दमात सांगतात.

सातवा दिवस : अडीचशे अक्षरं

सकाळी आठला भट्टी ऐंशी अंशांवर. झाकण उघडलं तर परळ पिवळसर, भाकरीच्या पिठाच्या रंगाचे. बारापैकी अकरा धड, एकाला काठावर केसभर चीर. तो बाजूला, शाई तपासायला.

मूळ वाडग्यांवर भाजून झाल्यानंतर शाईने लिहीत. ती शाई पुन्हा भाजलेली नाही, आणि ओलाव्याने कित्येक वाडग्यांवरची अक्षरं पुसटली आहेत. काजळाची शाई भट्टीत घातली तर उडूनच जाते, कोरा परळ हातात येतो. म्हणून इथे काळा स्टेन तीन भाग, कमी तापमानाचं बिनशिशाचं फ्रिट (काचेची भुकटी) एक भाग, तीच माती एक भाग, पाणी आणि डिंकाच्या पाण्याचे काही थेंब. फ्रिट कमी पडलं तर भाजल्यावरही बोट काळं होतं. जास्त झालं तर रेघ वितळून फुगते.

आता हिशोब. मध्यापासून दोन सेंटिमीटरवर सुरुवात, ओळींत एक सेंटिमीटर अंतर, काठाच्या आत थांबायचं. म्हणजे पाच वेढे, त्रिज्या दोन, तीन, चार, पाच, सहा. एकूण लांबी सुमारे १२६ सेंटिमीटर. एका अक्षराला पाच मिलिमीटर धरले तर अडीचशे अक्षरं. मँडाईक वर्णमाला २४ अक्षरांची, म्हणजे माळ दहा वेळा बसते आणि शेपटीला थोडी जागा उरते. पेन्सिलीने वेढे आखून घ्यावेत, शिसपेन्सिल भट्टीत जळून जाते. जुन्या वाडग्यांत काहींवर मजकूर मध्यातून काठाकडे जातो, काहींवर काठातून मध्याकडे. शिकणाऱ्याने मध्यातून निघावं. काठातून निघून मध्यात जागा संपली तर पळायला वाट नसते.

मँडाईक उजवीकडून डावीकडे लिहितात. काना-मात्रा नाहीत, स्वरसुद्धा पूर्ण अक्षरं म्हणूनच येतात. पहिलं अक्षर ‘अ’ साध्या वर्तुळासारखं, आणि माळ संपताना चोविसावं म्हणून पुन्हा तेच. अक्षरांचं डोकं काठाकडे ठेवायचं, आपल्यापासून दूरच्या बाजूला लिहायचं आणि डाव्या हाताने परळ घड्याळाच्या दिशेने फिरवत राहायचं. हात हलत नाही, परळ फिरतो. बरीचशी अक्षरं एकमेकांना जोडलेली असल्याने मध्येच शाई संपली की जोड तुटतो.

आणि शाई संपतेच. भाजलेली कोरी माती ब्रशमधलं पाणी टिपकागदासारखी ओढते, दुसऱ्या अक्षराला केस कोरडे. उपाय : लिहिण्यापूर्वी ओल्या स्पंजाने आतून एकदाच पुसायचं आणि मिनिटभर थांबायचं. दोनदा पुसलं तर शाई पसरते. बोरू इथे चालत नाही, तो खरडतो. लांब केसांचा, बारीक टोकाचा ब्रश हवा. ‘अ’चं वर्तुळ एका फटक्यात काढू नये, दोन अर्धगोलांत काढावं. एका फटक्यात काढलं तर शेवट सुरुवातीला भिडतो तिथे थेंब साचतो आणि भाजल्यावर खरबरीत गाठ राहते.

मजकूर म्हणून फक्त वर्णमाला. जुन्या वाडग्यांवर घरातल्या माणसांची नावं आईच्या नावासकट असतात. ‘अमकीचा मुलगा अमका’, वडिलांचं नाव नाही. ते मंत्र छापलेले आहेत, उतरवायला सोपे आहेत. पण परळ विकला जातो, धुतला जातो, फुटून कचऱ्यात जातो. प्रार्थना त्यावर नको, यावर खाला ठाम आहेत. मँडाईकला २०१० पासून युनिकोडमध्ये जागा आहे, त्यामुळे अक्षरं छापून डेकॅलने चिकटवणंही शक्य आहे. वक्र परळात तो कागद सुरकुततो, हा तांत्रिक आक्षेप. खरा आक्षेप असा की हाताला वळण लागत नाही, आणि शनिवारी इथे लिहायला येणाऱ्या पोरांसाठीच तर हा उद्योग आहे.

आठवा दिवस : चिनी मातीचं वस्त्र

सकाळी लिहिलेले परळ पुन्हा भट्टीत : ताशी १५० ने ६०० पर्यंत, ताशी २०० ने १०२० पर्यंत, दहा मिनिटं थांबा. सहा तासांचं काम.

बाकी दिवस द्रब्शाच्या भिंतीवरच्या प्रतिकृतीत गेला. जुनं सुती मांजरपाट चिनी मातीच्या, बासुंदीइतक्या दाट कालवणात बुडवायचं, पिळायचं नाही, दोन बोटांनी निथळायचं आणि आधारावर घड्या पाडत टांगायचं. सुकल्यावर ब्रशने दुसरा थर. एकच थर असेल तर कापड जळाल्यावर हातात चुरा येतो, तीन झाले तर घड्या बुजतात. पॉलिस्टर मिसळलेलं कापड कालवण धरत नाही, सुकल्यावर सालपटं निघतात. १२४० अंशांना भाजलं की कापड नाहीसं होतं आणि त्याचा विणीसकटचा साचा उरतो. आटणं तेरा टक्के, ४६ सेंटिमीटरचं ४० होतं. कापड जळतं त्या टप्प्यात, तीनशे अंशांच्या आसपास, धूर बराच होतो. भट्टीचं भोक आणि गॅरेजचं दार दोन्ही उघडं हवं, आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं बरं.

नववा दिवस : बांधाबांध

अकरापैकी नऊ परळ मनासारखे. एकावर शाई पसरली, एकावर माळेतलं एक अक्षर सुटलं. सुटलेल्या अक्षराचा परळ खाला विकत नाहीत, पण फोडतही नाहीत. पोरांना चूक शोधायला देतात.

नेताना प्रत्येक परळ आतून-बाहेरून फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये, मग खोक्यात खोकं, मध्ये चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण. शक्यतो केबिन बॅगेत. ही माती माठासारखी पाझरते आणि चहाचा डाग पिते, म्हणून त्यात खायचं-प्यायचं काही ठेवू नये.

कच्ची थाळी भारतात नेता येत नाही. परवान्याशिवाय माती आणायला आपल्याकडेही मनाई आहे, आणि ही तर पेंढ्यासकट माती. स्टुडिओतली जुनी थाळी बादलीभर पाण्यात सोडली. आधी बुडबुडे आले, मग काठ सुटला, वीसेक मिनिटांत तळाशी नुसता गाळ. गाळ पेंढ्यासकट परत वापरला तर पिशवीत कुजून वास मारतो. मोठ्या भोकाच्या चाळणीतून काड्या काढून झाडांच्या बुंध्यात टाकायच्या आणि खालचं पाणी दुसऱ्या दिवशी निवळल्यावर ओतून द्यायचं.